ओटीपी देऊ नका ताई, आधी सातबाऱ्यावर नाव लावून घ्या

पत्र:

मी वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात राहते. माझे मालक मार्च २०२४ मध्ये हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या एकट्याच्या नावावर तीन एकर कोरडवाहू शेत आहे, सोयाबीन-तुरीचं. दोन मुली आहेत, मोठी सोळा वर्षांची, धाकटी बारा. सासूबाई माझ्याचजवळ असतात. शेत दीर करतात. वारसाची नोंद अजून झाली नाही. यांचा मोबाइल मोठ्या मुलीकडे अभ्यासासाठी आहे. पोहरादेवीला पंतप्रधान आले होते त्या दिवशी यांच्या खात्यात पैसे जमा झाल्याचे मेसेज त्या मोबाइलवर आले, तेव्हा मला कळलं की पीएम-किसानचे हप्ते सुरूच आहेत. एटीएम कार्ड दिरांकडे आहे, पैसे तेच काढतात. मी विषय काढला की म्हणतात, "पैसे येऊन राह्यले न वहिनी, मंग कायले उकरून काढता?" नोव्हेंबर २०२५ चा हप्ता मात्र आला नाही. आता ते म्हणतात केवायसी करायची आहे, मोबाइलवर ओटीपी येईल तेवढा सांगा. नाही म्हटलं तर घरात भांडण होईल, सांगितला तर उद्या माझ्या अंगावर येईल का? आणि हे पैसे माझ्या नावावर होऊ शकतात का?

– एक भगिनी

उत्तर:

ताई, पहिली गोष्ट आजच्या आज करा. मुलीला जवळ बसवून सांगा की बाबांच्या मोबाइलवर आलेला कोणताही ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. काकांना नाही, सेवा केंद्रवाल्याला नाही, फोनवर "कृषी ऑफिसातून बोलतो" म्हणणाऱ्याला तर नाहीच. ई-केवायसीचा अर्थ एवढाच की ज्याच्या नावावर पैसे जातात तो माणूस हयात आहे आणि तोच हा माणूस आहे, हे आधारवरून पटवणं. तुमचे मालक आता नाहीत. त्यांच्या नावाने आलेला ओटीपी दिला की ते जिवंत असल्याचं सरकारला सांगण्यात तुमच्या घरातलं आणखी एक माणूस सामील झालं, आणि तेही सोळा वर्षांची पोर. आतापर्यंत जे झालं त्यात तुमचा हात नव्हता. ओटीपी दिल्यानंतर असं म्हणता येणार नाही. फार्मर आयडी काढायचा म्हणून ओटीपी मागितला, तरी उत्तर हेच द्या.

दिरांना हे सांगणं तुम्हाला जड जाईल, याची मला कल्पना आहे. घरातला कर्ता माणूस गेल्यावर पेरणी करणारा दीर हा मोठा आधार असतो, आणि तो नाराज झाला तर जूनमध्ये पेरणी कोण करणार हा प्रश्न खरा आहे. त्यावर पुढे बोलते. आधी पैशाचं समजून घेऊ.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये येतात, २,००० चे तीन हप्ते. ही योजना डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० आहेत, आणि ते साधारणपणे ज्याला पीएम-किसान मिळतं त्यालाच मिळतात. तुमचे मालक गेले त्याच्या थोडेच दिवस आधी, २८ फेब्रुवारी २०२४ ला, यवतमाळच्या कार्यक्रमात पीएम-किसानचा एक आणि नमोचे दोन हप्ते एकदम सोडले होते. तोपर्यंतचं सगळं त्यांच्या हक्काचं होतं. त्याची कुणी वसुली करणार नाही. प्रश्न त्यानंतरच्या हप्त्यांचा आहे. जून २०२४, ऑक्टोबर २०२४ (तुम्ही लिहिलेला पोहरादेवीचा), फेब्रुवारी २०२५ आणि ऑगस्ट २०२५ असे पीएम-किसानचे चार हप्ते सुटले. ते सगळे यांच्या खात्यात पडले असतील तर ८,००० झाले, नमोचे वेगळे. नेमका आकडा बँकेच्या स्टेटमेंटवर दिसेल.

ही रक्कम परत करावी लागते. शेतकरी गेला की त्याचा लाभ तिथे थांबतो. तो आपोआप बायकोकडे किंवा मुलांकडे जात नाही. वारसाने स्वतःच्या नावाने नव्याने नोंदणी करायची असते. त्यामुळे मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते ना तुमचे, ना दिरांचे. पण तुम्ही स्वतःहून मृत्यू कळवला आणि "हे पैसे आले, हे अमुक कार्डावरून निघाले, भरायचे कसे ते सांगा" असं लिहून दिलं, तर तुमची बाजू कागदावर आली. वसुलीची नोटीस आल्यावर तीच गोष्ट सांगणं वेगळं पडतं. नोव्हेंबरचा हप्ता थांबला आहे, म्हणजे कुठेतरी नोंद अडकली आहे. कारण कार्यालयात कळेल, पण तुम्ही कळवायला जाण्याची वेळ हीच आहे.

तुमच्या पत्रात हप्त्यांबद्दल बरंच आहे आणि वारस नोंदीबद्दल एकच वाक्य आहे: "वारसाची नोंद अजून झाली नाही." ताई, मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटली. दोन हजारांच्या मागे सगळं घर अस्वस्थ आहे आणि तीन एकर शेत इतके महिने गेलेल्या माणसाच्या नावावर उभं आहे. पीएम-किसानच नाही, शेतीचा जवळजवळ प्रत्येक पैसा सातबाऱ्यावरच्या नावाकडे बघून येतो. सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, महाडीबीटीवरचं ठिबक आणि अवजारांचं अनुदान, अतिवृष्टीची मदत, या सगळ्यांना नाव लागतं. सप्टेंबर २०२५ च्या पावसाने मराठवाड्यात आणि आपल्या भागात सोयाबीनचं काय झालं ते तुम्ही स्वतः पाहिलंत. सरकारने मदत जाहीर केली, ती खातेदाराच्या नावावर. खातेदार हयात नाही आणि वारस लागलेला नाही, अशा घरांचं तिथे अडतं. त्यात एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना फार्मर आयडी सक्तीचा झाला आहे, आणि तुमच्या नावाने फार्मर आयडी निघायचा तर आधी तुमचं नाव जमिनीला लागलं पाहिजे.

तेव्हा क्रम असा धरा: वारस नोंद आधी, बाकी सगळं तिच्या मागून.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करायचा. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात तलाठीच म्हणतात आणि तेवढं पुरतं. ऑनलाइन करायचं असेल तर ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज जातो, सेवा केंद्रातून भरून घेता येतो. सोबत ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ता असलेलं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार आणि जमिनीचा सातबारा व आठ-अ (खातेउतारा). कायद्यात तीन महिन्यांत कळवायला सांगितलं आहे, तुम्हाला दीड वर्षाहून जास्त झालं. त्याने हक्क बुडत नाही, नोंद उशिराही होते. त्या भीतीने आणखी थांबू नका. तलाठी आधी वारस नोंदवहीत घेतो, मग फेरफार (नावबदलाची नोंद) धरतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. शासनाने २०२५ मध्ये "जिवंत सातबारा" म्हणून मोहीमच काढली, तुमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन एप्रिलपासून राज्यभर. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावणं एवढंच तिचं काम होतं. अर्ज देताना तलाठ्याला तिची आठवण करून द्या. हे काम त्याला नवीन नाही.

आता वारस कोण, हे नीट समजून घ्या, कारण सगळी ओढाताण इथेच होते. मालकांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे तुम्ही, तुमच्या दोन्ही मुली आणि सासूबाई. हे सगळे हयात असताना भावाला, म्हणजे दिरांना, यांच्या हिश्शातलं काही मिळत नाही. दिरांची अस्वस्थता इथूनच येत असेल का, ते तुम्ही जास्त ओळखता. मी त्यांच्यावर आरोप करत नाही. पण सासूबाईंचं नाव लागणार, आणि लागलंच पाहिजे. त्या आई आहेत. "सुनेनं सासूला वगळलं" असं कुणी म्हणू नये म्हणून नाही, तर कायद्याने त्यांचा हिस्सा आहे म्हणून. त्या हिश्शाचं पुढे काय करायचं हे त्यांनी ठरवायचं. त्या तुमच्याजवळ राहतात, तुम्ही त्यांचं करता. त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, दिरांच्या आधी त्यांच्याशी बोला. मुलगा गेलेल्या आईला त्याच्या मुलींचं नाव शेताला लागावं असं वाटत नसेल, हे मला पटत नाही.

मुली अज्ञान आहेत, म्हणून त्यांची नावं "अ.पा.क." म्हणजे अज्ञान, पालनकर्ती आई अशा नोंदीने लागतील. पालनकर्ती म्हणून तुमचंच नाव लागलंय ना, ते फेरफार मंजूर होण्याआधी वाचून घ्या. मोठी वाचू शकते, तिच्याकडून वाचून घ्या. आणि दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा: या सगळ्या धावपळीत कुणी "हक्कसोडपत्रावर सही करून टाका, म्हणजे नोंद सोपी होईल" असं म्हणेल. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा किंवा सही नाही. मुलींचा हिस्सा तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्हाला स्वतःलाही सोडता किंवा विकता येत नाही. कुणी सुचवलं तर हेच वाक्य त्याला सांगा.

सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज राहिलं असेल तर ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा म्हणून दिसतं. "नाव लावलं तर कर्ज तुमच्या डोक्यावर येईल" असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती असते, आणि बोजा तर नाव लावा न लावा, जमिनीवर आहेच. नाव लावलं तर निदान सोसायटीच्या दारात उभं राहून हिशेब मागता येतो.

अर्ज दिलात की पोच घ्या. फेरफाराचा नंबर पडला की तो लिहून ठेवा. मग दुसरं काम तालुका कृषी अधिकारी कार्यालयातलं. एका साध्या कागदावर लिहा: माझे पती अमुक तारखेला वारले, त्यांच्या नावावर पीएम-किसान आणि नमोचा लाभ सुरू होता, तो बंद करावा, मृत्यूनंतर जमा झालेल्या रकमेच्या परताव्याची पद्धत लेखी कळवावी. मृत्यू दाखल्याची झेरॉक्स जोडा. कुणी पैसे काढले हा मजकूर त्या कागदावर घालायचा की नाही, हे दिरांशी बोलून झाल्यावर ठरवा. मात्र "मी काढले" असं कुठेही लिहून देऊ नका, कारण ते खरं नाही. परतावा भराल तेव्हा पावती हवीच, आणि ती सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा.

त्याच दिवशी बँकेत मृत्यू दाखला द्या. मयत माणसाच्या खात्यातून एटीएमने पैसे काढणं चालत नाही, मग काढणारा भाऊ असो की बायको. बँकेला कळलं की खातं थांबेल आणि राहिलेली रक्कम वारसदारीने मिळेल. खात्याला नॉमिनी कोण ते विचारा. दीर नॉमिनी असले तरी घाबरू नका. नॉमिनीने ते पैसे वारसांसाठी घ्यायचे असतात, मालक म्हणून नाही. एप्रिल २०२४ पासूनचं स्टेटमेंट मागून घ्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हे पैसे तुमच्या नावावर होतील का. होतील. योजनेची अट अशी आहे की १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली असेल तर लाभ नाही, पण खातेदाराच्या मृत्यूने वारसाहक्काने आलेली जमीन याला अपवाद आहे. म्हणून वारस नोंदीचा फेरफार जपून ठेवा, नव्या नोंदणीत तो दाखवावा लागतो. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, तेव्हा तुम्ही आणि मुली मिळून एक कुटुंब, नोंदणी तुमच्या नावाने. घरात कुणी आयकर भरत नाही, सरकारी नोकरी नाही, हे तुमच्या पत्रावरून मी धरते आहे. नोंदणीआधी तुमचा फार्मर आयडी काढा. बँक खातं तुमचं स्वतःचं हवं आणि आधारला जोडलेलं हवं. इथे पुष्कळ बायकांची गल्लत होते. पासबुक एका बँकेचं दाखवतात आणि पैसे दुसरीकडेच पडतात, कारण आधारवर येणारा पैसा तुम्ही सगळ्यात शेवटी आधारशी जोडलेल्या बँकेत जातो. लाडक्या बहिणीचे पैसे तुम्हाला मिळत असतील तर ते ज्या खात्यात येतात, तेच खातं समजा. मधल्या काळाचे हप्ते मागे जाऊन मिळतील असं मात्र धरू नका. नोंदणी मंजूर झाली की पुढचे. हप्त्याची स्थिती विचारायला १५५२६१ हा पीएम-किसानचा क्रमांक आहे.

लाडकी बहीण निघाली म्हणून एक हिशेब आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी तो अर्धवट सांगून तुम्हाला मागे फिरवेल. पीएम-किसान आणि नमो मिळून वर्षाला १२,००० म्हणजे महिन्याला १,००० होतात. ज्या बहिणींना हे १,००० मिळतात त्यांना लाडकी बहीणचे १,५०० न मिळता फरकाचे ५०० मिळतात. म्हणजे आज तुम्हाला लाडकी बहीणचे पूर्ण पैसे येत असतील, तर शेतकरी म्हणून नोंद झाल्यावर महिन्याची बेरीज पंधराशेच राहील. कुणी म्हणेल, मग एवढी खटपट कशाला? त्याला सांगा की खटपट हप्त्यासाठी नाहीच. तुम्ही आणि तुमच्या मुली या शेताच्या मालकीणी आहात हे तलाठ्याच्या दप्तरी लिहिलं जावं म्हणून आहे. योजना बदलतात, रकमा कमी-जास्त होतात. फेरफार मंजूर झाला की मुलींच्या नावापुढे शेताचा गट नंबर राहतो, आणि मोठी दोन वर्षांत सज्ञान होईल.

विदर्भात शेत बायका करतात. निंदण, डवरणीमागची कामं, सोंगणी, वेचणी, घरातलं बी राखणं, हे तुम्ही इतकी वर्षं केलंत. तरी शेतकऱ्याच्या यादीत तुम्ही नव्हता, कारण यादी नावावर चालते. मालक असताना याचा त्रास झाला नसेल. आता होतो आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत तुमच्यासारख्या बहिणी बऱ्याच आहेत.

आता दीर. त्यांच्याशी एकटीने बोलू नका, आणि भांडणात बोलू नका. सासूबाई, तुमच्या माहेरचं एखादं जाणतं माणूस आणि दिरांनाही ज्यांचा मान वाटतो असं गावातलं एक माणूस बसवा. सुरुवात हप्त्यांवरून करू नका. सुरुवात शेतापासून करा. "भाऊजी, तुम्ही दोन हंगाम आमचं शेत पेरलं, आम्हाला आधार दिला. पुढेही तुम्हीच करावं असं मला वाटते. ठोक्यानं करायचं की बटईनं ते ठरवू आणि एका कागदावर लिहू." हे मनापासून म्हणता आलं तर म्हणा. मग सांगा की नाव लावायचा अर्ज मी देते आहे, आणि ओटीपी देणार नाही, कारण यांच्या नावाने खोटं मला बोलवणार नाही. आलेले हप्ते बियाण्याला गेले असतील तर तसा हिशेब मांडा आणि परतावा दोघांनी कसा भरायचा ते तिथेच ठरवा. रक्कम काही हजारांत आहे, त्यावरून दोन घरं तुटू देऊ नका. पण त्या काही हजारांच्या दबावाखाली तीन एकरही गप्प राहून सोडू नका.

ते ऐकणारच नाहीत, फेरफाराला हरकत घेतली, तर? हरकत आली की नोंद तक्रारीत जाते आणि सुनावणी होते. तिथे मृत्यू दाखला, वंशावळ आणि शाळेच्या दाखल्यावरचं मुलींचं वडिलांचं नाव, एवढ्यावर तुमची बाजू भक्कम आहे. पहिल्या वर्गाच्या वारसापुढे भावाची हरकत टिकणं कठीण. सुनावणीची तारीख चुकवू नका, एवढंच. वकील लागला तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता.

अर्ज घेऊन तलाठी "उद्या या" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी जा. पुन्हा तेच म्हणाला, किंवा पोच द्यायला नाही म्हणाला, तर तोच अर्ज तहसीलदारांच्या नावाने आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. तिथेही टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. अर्ज दिल्याची तारीख तिच्यावरून दाखवता येते.